हिरवं पडलेलं विलो आणि मार्चमधली कात्री

प्रश्न: आम्ही दोन वर्षांपूर्वी एडिसनला घर घेतलं. गेल्या एप्रिलमध्ये नर्सरीतून 'हाकुरो-निशिकी' जातीचं ठेंगणं विलो आणलं आणि गॅरेजच्या पश्चिमेकडच्या भिंतीलगत लावलं. तेव्हा पानं गुलाबी-पांढरी होती, येणारा-जाणारा थांबून बघायचा. यंदा मे महिन्यात थोडे दिवस रंग दिसला, मग झुडूप हिरवं पडत गेलं. आता ऑगस्टमध्ये पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या आहेत, आतली पानं गळतात आणि उंची माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. चिठ्ठीवर तर 'ड्वार्फ' लिहिलं होतं. सासूबाई पुण्याहून आल्या आहेत, त्या रोज दुपारी पाइपने पाणी मारतात. लॉनवाले येऊन खत टाकतात ते त्यालाही मिळतं. यजमान म्हणतात, विलोची मुळं ड्रेनेजमध्ये शिरतात, उपटून टाक. झाड आजारी आहे का? आत्ताच छाटू का? आणि सासूबाईंना परत जाताना त्याची काडी पुण्याला न्यायची आहे, ती लागेल का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

प्रिय ताई,

झाड आजारी नाही. उपटू नका, आणि आत्ता छाटूही नका. ऑगस्टच्या मध्यानंतर विलोला कात्री लावली की ते लगेच नवे कोंब काढतं. ते कोवळे कोंब ऑक्टोबरच्या शेवटी पडणाऱ्या पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत काळे पडतात आणि झाडाने थंडीसाठी साठवलेली ताकद फुकट जाते. म्हणून सध्या फक्त पाणी नीट द्यायचं. कात्रीचं काम मार्चमध्ये. त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण तुमच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे.

या विलोचा रंग नव्या पालवीत असतो. वसंतात कोंब फुटतात तेव्हा टोकाची पानं गुलाबी असतात, आठवड्याभराने ती पांढरट आणि हिरव्या शिंतोड्यांची होतात आणि उन्हाळा चढला की हिरवी होतात. हा त्याचा स्वभाव आहे, रोग नाही. गेल्या वर्षी तुम्ही आणलेलं झाड नर्सरीने नुकतंच छाटून फुटवलेलं होतं, म्हणून ते नखशिखांत रंगलं होतं. यंदा कोणी छाटलं नाही. मग झाडाने जुन्याच फांद्यांच्या टोकांना थोडी पालवी दिली, उंची वाढवली आणि रंगाचा मोसम लवकर आटोपला.

उंचीचंही तेच. चिठ्ठीवरचा 'ड्वार्फ' शब्द नियमित छाटलेल्या झाडाबद्दल असतो, आणि असं झाड चार ते सहा फुटांत राहतं. मोकळं सोडलं तर हेच झुडूप आठ-दहा फूट सहज जातं. थोरल्या विलोंच्या मानाने ते ठेंगणंच, पण गॅरेजच्या खिडकीला ते पटणार नाही.

आधी एक तपासणी करून घ्या. फांद्यांची अगदी शेवटची दोन-चार पानं बघा. ती अजून किंचित फिकी, गुलाबी झाक असलेली दिसली तर सगळं ठीक आहे. पण एखादी फांदी बुडापासून टोकापर्यंत ठार हिरवी असेल, इतरांपेक्षा जाड आणि जोमदार असेल, आणि तिच्या शेंड्याच्या कोवळ्या पानावरही पांढऱ्याचा ठिपका नसेल, तर ती फांदी मूळ जातीकडे परतलेली आहे. हिरव्या पानांत हरितद्रव्य जास्त, म्हणून अशी फांदी जोरात वाढते आणि दोन-तीन वर्षांत सगळं झुडूप गिळते. ती एकटी फांदी मात्र आत्तासुद्धा काढायला हरकत नाही. जिथून निघाली असेल तिथून, बुडासकट काढा. अर्धी कापून ठेवलीत तर खालून पुन्हा हिरवंच फुटेल.

आता करपलेल्या कडा. पश्चिमेची भिंत, वर साइडिंगवरून परतणारी झळ आणि जुलैची दुपार. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग नाजूक असतो आणि पहिल्यांदा तोच भाजतो. उन्हाच्या बाजूची पानं जास्त करपली आहेत आणि आतली, सावलीतली कमी, असं असेल तर हा उन्हाचा आणि तहानेचा त्रास आहे. रोगाचं लक्षण वेगळं असतं. पावसाळी वसंतानंतर पानांवर काळपट-तपकिरी डाग पडतात, कोवळी टोकं काळी पडून वाकतात आणि काडीवर खोलगट काळे चट्टे दिसतात. हा विलोचा करपा, बुरशीमुळे येतो. तसं दिसलं तर रोगट काड्या निरोगी लाकडापर्यंत कापा, खाली पडलेली पानं गोळा करून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात डागांचा उल्लेख नाही, कडांचाच आहे, त्यामुळे मला ही झळच वाटते.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांचा हात प्रेमाचा आहे, फक्त पद्धत बदलायला हवी. दुपारी पानांवर पाणी पडलं म्हणून पानं जळत नाहीत, ती भीती सोडा. अडचण वेगळीच आहे. रोज पाच मिनिटं पाइप फिरवला की वरची इंचभर माती भिजते, खाली कोरडंठाक राहतं. मुळं मग वरच्या थरातच पसरतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. विलो मूळचं ओढ्याकाठचं. हाकुरो-निशिकी ज्या जातीतून आली ती जपान, कोरिया आणि ईशान्य चीनमधली, ओलसर जमिनीत वाढणारी. तिला खोलवर ओल लागते. आठवड्याला साधारण एक इंच पाऊस पडला तर वर काही घालायची गरज नाही. नसेल पडला तर आठवड्यातून दोनदा, सकाळी, पाइप बारीक सोडून बुंध्याशी ठेवा आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. सासूबाईंच्या सकाळच्या चहाची वेळ त्याला उत्तम. पाणी पुरलं का हे मातीवरून कळतं. बुंध्यापासून हातभर अंतरावर बोट दोन इंच खुपसा. माती गार लागली, मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि टिचकीने फुटला, म्हणजे वाफसा चांगला आहे, आज पाणी नको. मध्य जर्सीत बऱ्याच ठिकाणी लालसर चिकणमाती आहे. ती पाणी धरून ठेवते, पण एकदा वाळली की विटेसारखी होते आणि वरून टाकलेलं पाणी बाजूने वाहून जातं. म्हणून बारीक धारच हवी. जमीन गोठेपर्यंत हा क्रम चालू ठेवा. पानगळ झाली म्हणून पाणी बंद करू नका, विशेषतः कोरड्या शरदात.

मातीवर दोन-तीन इंच जाडीचं सालीचं आच्छादन घाला, बुंध्यापासून चार बोटं मोकळी सोडून. इथे बऱ्याच घरांपुढे खोडाभोवती मल्चचा डोंगर रचलेला दिसतो. त्यात साल सतत ओली राहून कुजते आणि खाली उंदरांना आयतं घर मिळतं.

लॉनवाल्यांना मात्र आजच सांगा की या झुडपाभोवती सहा-आठ फुटांत काही टाकायचं नाही. लॉनचं खत नत्राचं असतं, त्याने विलो भराभरा, मऊ आणि हिरवंगार वाढतं. रंग फिका पडतो आणि मावा धावून येतो. त्याहून वाईट म्हणजे त्या खतात पुष्कळदा रुंद पानांचं तण मारणारं औषध मिसळलेलं असतं, आणि विलोचं पान काही गवत नाही. नवी पानं दोरीसारखी पिळवटलेली, कपासारखी वळलेली दिसली तर आधी या औषधावर संशय घ्या. विलोला वसंतात दोन फावडी कंपोस्ट पुरे. जमिनीबद्दल शंका असेल तर रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते, थोड्याशा शुल्कात. अंदाजाने चुना-खत ओतण्यापेक्षा ते बरं.

आता मार्च. फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य या काळात, डोळे फुगायला लागलेत पण फुटले नाहीत, असा कोरडा दिवस निवडा. पानं नसलेल्या फांद्या तेव्हा शेंदरी-तांबूस दिसतील, सगळ्यात सुंदर रंग कोवळ्या काड्यांना असतो. छाटणीची कात्री धारदार आणि पुसलेली हवी. अंगठ्यापेक्षा जाड फांद्यांना लांब दांड्याची कात्री किंवा लहान करवत घ्या. आधी मेलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग सगळ्यात जुन्या, जाड, करड्या सालीच्या फांद्यांपैकी एक-तृतीयांश अगदी जमिनीलगत कापा. उरलेल्या निम्म्या किंवा त्याहून खाली आणा.

कुठे कापायचं ते जवळून बघा. बहुतेक विलोंचे डोळे काडीवर एकाआड एक असतात, पण या जातीत ते पुष्कळदा समोरासमोर, जोडीने असतात. जोडीच्या वर पाव इंच सोडून कात्री लावलीत की त्या दोन्ही डोळ्यांतून दोन फांद्या निघतात. एका कापातून दोन कोंब, दोन्ही नवे, दोन्ही रंगीत. झुडूप दाट आणि घुमटाकार व्हायचं कारण हेच. खुंट लांब सोडू नका, तो वाळतो आणि आत कूज शिरते. कापावर डांबर, रंग, पेस्ट काहीही लावायचं नाही.

पुढे एखाद्या वर्षी धीर आला तर सगळंच झुडूप जमिनीपासून सहा-आठ इंचांवर कापता येतं. मला माहीत आहे, आपल्या लोकांचा हात इथे अडतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडतानासुद्धा जपून खुडणारी माणसं आपण, सबंध झुडूप खुंटावर आणायचं म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं. पण विलोच्या बाबतीत निर्धास्त राहा. युरोपात शेकडो वर्षं टोपल्या विणणारे लोक विलो दर हिवाळ्यात बुंध्याशी कापत आले, आणि त्याच बुंध्यातून दर वर्षी माणसाएवढ्या लवचीक काड्या घेत आले. जोमदार मुळांवरचं झाड एका मोसमात तीन-चार फूट परत येतं. फक्त लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षं इतकी कठोर छाटणी नको, मुळं आधी बसू द्या. म्हणून तुमच्यासाठी येत्या मार्चमध्ये वर सांगितलेली मधली छाटणीच.

जूनच्या मध्यावर, पहिला रंग ओसरायला लागला की, शेंडे चार-सहा इंच खुडा. त्यातून दुसरी पालवी येते आणि जुलैत पुन्हा रंग दिसतो. मात्र त्या आठवड्यात पाणी चांगलं असू द्या. कोरड्यात खुडलेलं झाड फुटायला कंटाळतं.

जागाही बदलायला हवी, हे स्पष्टच सांगते. पश्चिमेची भिंत या जातीला मानवत नाही. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे घराची पूर्व बाजू, तिथे ते सुखाने राहील. पूर्ण सावली नको, सावलीत रंग येत नाही. दोन उन्हाळे झालेलं झुडूप हलवणं अवघड नाही. मार्चमध्ये छाटणी झाल्यावर लगेच, डोळे फुटायच्या आत, बुंध्याभोवती दीड फुटावर गोल चर खणा आणि मुळांचा गड्डा माती न झडता उचलून जुन्या चादरीवर ओढत न्या. नवा खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोली तेवढीच. पूर्वीइतक्याच खोलीवर बसवा आणि भरपूर पाणी द्या.

खणण्यापूर्वी काही दिवस आधी 811 ला फोन करा. सेवा मोफत आहे. गॅस, वीज, पाण्याच्या लाइनी कुठून जातात ते येऊन जमिनीवर रंगाने आखून देतात: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा. घरापासून रस्त्यापर्यंतची खाजगी सांडपाण्याची लाइन मात्र बहुधा त्यात येत नाही. अंगणात गोल झाकण दिसतं का बघा, त्यावरून दिशेचा अंदाज येतो.

इथे यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. विलोची मुळं पाण्याच्या मागे जातात आणि मोठ्या विलोंनी ड्रेनेज तुंबवल्याचे प्रकार होतात. पण मुळं धडधाकट पाइप फोडत नाहीत. आधीच झिरपणाऱ्या सांध्यातून, तडा गेलेल्या जुन्या मातीच्या पाइपमधून ती आत शिरतात. तुमचं घर जुनं असेल तर एकदा प्लंबरकडून कॅमेरा टाकून लाइन बघून घ्या. ती झिरपत असेल तर ती विलो नसतानाही दुरुस्त करावीच लागणार आहे. नवी जागा लाइनीपासून आणि घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब ठेवा. सहा फुटांत राखलेल्या झुडपाला तेवढं अंतर पुरतं. त्यांना हे दाखवा, बहुतेक पटेल.

किडींचं थोडक्यात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, चित्रांगी ढालकिडे (लेडीबग) उरलेलं काम करतात. पानांच्या मागे पिवळ्या अंड्यांचे पुंजके आणि जाळीदार खाल्लेली पानं म्हणजे विलोचे निळसर-काळे भुंगेरे. ती पानं तोडून टाका. तांब्याच्या रंगाच्या पाठीचा, हिरव्या डोक्याचा जपानी भुंगेरा जूनच्या शेवटी येतो. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तोच आपल्या राज्यात, रिव्हरटनजवळ, 1916 मध्ये. सकाळी तो सुस्त असतो, तेव्हा फांदी साबणाच्या पाण्याच्या बादलीवर झटका. त्याचे बाजारी सापळे लावू नका, ते शेजारपाजारचेही भुंगेरे तुमच्या अंगणात बोलावतात. ठिपकेवाली लँटर्नफ्लाय विलोवर बसते आणि खाली चिकट गोड थेंब पाडते, त्यावर काजळी धरते. पाण्याने धुऊन काढा आणि दिसेल ती चिरडा.

खरी काळजी हरणांची आणि सशांची. नवी विलोची पालवी हरणाला आवडते आणि बर्फ पडल्यावर ससे बुंध्याची साल कुरतडतात. नव्या जागी गेल्यावर पहिली दोन वर्षं चार फूट उंचीचं जाळीचं कडं आणि बुंध्याशी बारीक तारेची जाळी, एवढं जरूर करा.

इतर वाचकांसाठी एक. हेच विलो कधी सरळ खोडावर कलम करून, छत्रीसारखं विकलं जातं. त्याची छाटणी फक्त वरच्या छत्रीची. खोडावर किंवा बुडाशी फुटलेला प्रत्येक कोंब दिसताक्षणी अंगठ्याने खुडा. तो मूळ खुंटाचा असतो, रंगीत नसतो आणि छत्रीचं अन्न ओढतो. ज्यांना रंगीत पान नको, नुसतं ठेंगणं कुंपण हवं आहे त्यांनी 'पर्प्युरिया नाना' हे दुसऱ्या जातीचं विलो बघावं. निळसर, बारीक पान, जांभळट काडी, पाच फुटांच्या आसपास, आणि मिनेसोटासारख्या थंडीतही टिकणारं.

राहिली पुण्याची काडी. ती नेऊ नये, आणि त्याला दोन कारणं आहेत. भारतात लागवडीसाठी रोप किंवा काडी न्यायची तर 2003 च्या वनस्पती संगरोध (प्लांट क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि इथल्या कृषी खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत ओल्या कागदात गुंडाळून नेलेली काडी विमानतळावर जप्त होते, आणि ते योग्यच आहे. अशाच काड्यांवरून रोग आणि किडी देश ओलांडतात. दुसरं म्हणजे, या झाडाला हिवाळ्याची खरी थंडी लागते. थंडीत झोपल्याशिवाय ते वसंतात जोमाने उठत नाही, आणि पुण्याचा एप्रिल त्याची पानं भाजून काढेल. विलोचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांकाठचा वाळुंज. तो उष्णता सोसतो, पण तो वृक्ष आहे, सोसायटीच्या बागेतला नाही.

सासूबाईंना गुलाबी-पांढरं-हिरवं पान हवं आहे ना? पुण्यातल्या नर्सरीत ब्रेनिया मागायला सांगा, स्नो बुश म्हणूनही ते मिळतं. लालसर काड्या आणि अगदी असंच शिंतोड्यांचं पान, कुंडीतही छान राहतं. सकाळचं ऊन द्यायचं आणि फांद्या लांबल्या की शेंडे खुडायचे, कारण तिथेही रंग नव्या पालवीलाच येतो. पावसाळ्यात त्याची काडी लागते.

आणि इथे मार्चमध्ये तुम्ही छाटलेल्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, आठ-दहा इंचांच्या काड्या निवडा आणि खालचं टोक तिरकं कापा, म्हणजे उलटी खोचली जात नाही. दोन-तृतीयांश लांबी ओल्या मातीत खोचा किंवा पाण्याच्या बरणीत ठेवा. काही आठवड्यांत मुळं येतात, विलोइतकी सहज लागणारी काडी क्वचितच दुसरी असेल. वर्षभर कुंडीत वाढवा, मग मैत्रिणींना वाटा. देताना एवढं मात्र सांगा: पूर्वेची बाजू, बारीक धारेचं पाणी आणि मार्चमध्ये कात्री.